पेशींचे निरोप आणि ग्रहणातला पेरू

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारची सकाळ होती. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून मी नुकतीच आत आले होते आणि आल्याच्या चहाचे आधण ठेवले होते. इतक्यात पुण्याहून मामेबहिणीचा फोन आला. एरवी ती आधी इकडच्या थंडीची चौकशी करते, मग मुलांची, मग माझ्या गुडघ्याची. त्या दिवशी तिने एकदम विचारले, "ताई, तू ते पेशींचं काहीतरी करतेस ना? मग मला एवढंच सांग, ग्रहणात पेरू कापला तर बाळाचा मेंदू बिघडतो का गं?"

तिच्या सुनेला पाचवा महिना होता. सोनोग्राफीत डॉक्टरांना दिसले की बाळाच्या मेंदूचे उजवा आणि डावा असे दोन भाग झालेलेच नाहीत. नाकाची जागाही बरोबर नव्हती. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होते. पोरगी ऑफिसातून दमून आली आणि ग्रहण लागलेले असताना तिने एक पेरू कापून खाल्ला. दोन महिन्यांनी ही बातमी आल्यावर घरातल्या कुणाला तरी तो पेरू आठवला. मग सगळ्यांनाच आठवला. आणि पोरीने तीन दिवस खोलीचे दार उघडले नाही.

मी डॉक्टर नव्हे. गेली तीस-एक वर्षे मी पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात याचा अभ्यास करते, आणि त्यातही बहुतेक काळ एकाच प्रथिनाच्या मागे घालवला आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "तुम्ही नक्की काय करता हो?" असे विचारले की "कॅन्सर रिसर्च" म्हणून मी वेळ मारून नेते. कारण खरे उत्तर माशीच्या अळीच्या पोटावरच्या काट्यांपासून सुरू होते, आणि ते सांगत बसले तर बटाटेवडे गार होतात. त्या शनिवारी मात्र खरे उत्तर देण्यावाचून गत्यंतर नव्हते. फोनवर ते धड जमले नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. त्या दोघांना विचारूनच लिहिते आहे आणि नावगाव अर्थातच सांगत नाही.

गर्भ ही चीज मुळात चमत्कारिक आहे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात आणि प्रत्येकीजवळ जनुकांची तीच पोथी असते. मग एकीने नाकाची पेशी व्हायचे आणि दुसरीने करंगळीची, हे ठरवते कोण? आत कुणी मुकादम बसलेला नाही. पेशीला फक्त शेजारणीकडून येणारे निरोप कळतात. हे निरोप म्हणजे बहुतेक वेळा प्रथिनाचे रेणू असतात. एक पेशी ते सोडते आणि दुसरी आपल्या पृष्ठभागावर ते पकडते. निरोप किती जोरात येतो आहे यावरून तिला आपण कुठे आहोत याचा अंदाज लागतो. लहानपणी आमच्या वाड्यात लसणाची फोडणी पडली की जिन्यात उभे राहून वासावरून सांगता यायचे की स्वयंपाकघर किती लांब आहे. नाकात ठसका बसला तर आपण दाराशी, नुसती चाहूल लागली तर खालच्या पायरीवर. गर्भातल्या पेशीही असाच वास घेत आपली जागा ओळखतात.

हे सगळे निरोप कोणते, ते शोधून काढण्याचे काम केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीने केले. जर्मनीत हायडेलबर्ग येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या दोघांनी माश्यांच्या जनुकांत रसायनाने बिघाड घडवले आणि त्यांच्या मेलेल्या अळ्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. समोरासमोर बसून दोघांना एकच अळी पाहता यावी असा दुहेरी सूक्ष्मदर्शक त्यांनी वापरला. अशा हजारो अळ्या पाहिल्या. हे काम किती कंटाळवाणे असते ते मी स्वतः केले आहे म्हणून सांगते. दुपारी तीननंतर सगळ्या अळ्या सारख्याच दिसू लागतात.

निरोगी अळीच्या पोटावर बारीक काट्यांचा एक पट्टा, मग गुळगुळीत जागा, मग पुन्हा पट्टा अशी ओळीने रचना असते. एका बिघाडात ही गुळगुळीत जागाच नाहीशी झाली होती. आखूड, गोळा झालेली, अंगभर काटेच काटे असलेली अळी. तिला पाहून त्यांना युरोपातल्या बागांत फिरणाऱ्या हेजहॉगची आठवण झाली. हा प्राणी म्हणजे आपल्या साळिंदराचे पिल्लू वाटावे असा असतो, नात्याने मात्र त्याचा साळिंदराशी काही संबंध नाही. बिघडलेल्या जनुकाचे नाव त्यांनी 'हेजहॉग' ठेवले. असे पंधरा जनुक त्यांनी १९८० साली एका निबंधात जगापुढे मांडले आणि १९९५ चे नोबेल पारितोषिक एडवर्ड लुईस यांच्यासह त्यांना मिळाले.

तोवर गोष्ट माशीपुरतीच होती. १९९३ साली, मी पीएच.डी. करत असताना, एकदम तीन प्रयोगशाळांनी जाहीर केले की हेच जनुक कोंबडीत, उंदरात आणि झेब्राफिश नावाच्या माशातही आहे, आणि एक नव्हे तर त्याची भावंडे आहेत. दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावे मिळाली, 'डेझर्ट' आणि 'इंडियन'. (आमच्या लॅबमधला एक मित्र मला वर्षभर "युवर हेजहॉग" म्हणून चिडवत असे. ती बिचारी राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखातली जात आहे, तिला कशाचीच कल्पना नाही.) तिसऱ्याला बॉस्टनमधल्या एका तरुण संशोधकाने सेगा कंपनीच्या व्हिडिओ गेममधल्या निळ्या हेजहॉगचे नाव दिले, 'सॉनिक'. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पुढे जेव्हा डॉक्टरांना समोर बसलेल्या आईबापांना सांगावे लागले की तुमच्या बाळाच्या 'सॉनिक हेजहॉग' जनुकात दोष आहे, तेव्हा कुणालाच हसू आले नाही. २००६ च्या सुमारास असली नावे बदलावीत अशी चर्चाही झाली. बोलताना डॉक्टर आता नुसते 'एसएचएच' म्हणतात. ते बरे.

सॉनिक हेजहॉग काय काय करतो याची यादी लांबलचक आहे. कोंबडीच्या पंखाचा जो कोंब असतो, त्याच्या मागच्या कडेची चिमूटभर पेशी कापून पुढच्या कडेला चिकटवली तर आरशातल्या प्रतिमेसारखी दुसरी बोटे उगवतात, हे जॉन साँडर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. त्या चिमटीतून निघणारा निरोप कोणता, ते मात्र पंचवीस वर्षांनी कळले. तो सॉनिकच होता. तो करंगळीच्या बाजूने निघतो, म्हणून त्या बाजूला करंगळी होते आणि निरोप न पोचलेल्या बाजूला अंगठा. हा निरोप चुकून अंगठ्याच्या बाजूनेही निघू लागला तर त्या बाजूला जास्तीचे बोट येते. फ्लॉरिडात की वेस्टला हेमिंग्वेच्या घरी गेलात तर तिथल्या मांजरांचे पंजे जरूर पाहा. त्यांची जास्तीची बोटे याच कारणाने आलेली आहेत. गंमत अशी की त्यांचे सॉनिक जनुक अगदी ठणठणीत आहे. दोष आहे तो जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या एका बटणात, जे बटण हे जनुक हातापायांच्या कोंबात केव्हा आणि कुठे चालू करायचे ते ठरवते. अंगठ्याच्या बाजूला जास्तीचे बोट असलेल्या काही मानवी घराण्यांतही याच बटणात बदल सापडले आहेत. एखाद्याला सहावे बोट असले की आमची आजी त्याला नशीबवान म्हणायची, त्यामागे हे प्रकरण असू शकते.

पण आपला विषय मेंदू आहे. गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो, तीळभर लांबीचा, तेव्हा पुढचा मेंदू एक अखंड पट्टी असतो. डोळे होऊ घातलेल्या पेशीदेखील सलग एकाच क्षेत्रात असतात. म्हणजे थोडा वेळ आपण सगळेच एकाक्ष असतो असे म्हटले तरी चालेल. मग या पट्टीच्या बरोबर मध्यरेषेखालच्या पेशी सॉनिक सोडू लागतात. त्या निरोपाचा अर्थ साधारण असा, की इथे मधोमध डोळा करू नका, बाजूला सरा. मधली जागा मोकळी होते, डोळे दोन होतात, मेंदूचे दोन गोलार्ध होतात, नाक मध्यावर येते आणि वरचे पुढचे दोन दात शेजारी शेजारी उगवायची तयारी होते. निरोप आला नाही किंवा फार क्षीण आला तर मेंदू दुभंगत नाही. या विकाराला होलोप्रोसेन्सेफली म्हणतात. गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीला तो बऱ्यापैकी आढळतो, सुमारे अडीचशे गर्भांत एक. त्यांतले बहुतेक गर्भ टिकत नाहीत, त्यामुळे जन्मलेल्या बाळांत तो दहा हजारांत एखाद्या बाळाला किंवा त्याहूनही कमी बाळांना दिसतो.

आता माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि ते मी तिला हिशेब करून दिले. ग्रहण लागले तेव्हा सुनेला दोन महिने केव्हाच होऊन गेले होते. मेंदू दुभंगण्याची वेळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची. म्हणजे जे व्हायचे ते ऑगस्टच्या शेवटाला होऊन गेले, पोरीला आपल्याला दिवस गेलेत हे नीट कळण्याच्याही आधी. ऑक्टोबरात तिने पेरू कापला काय, नारळ फोडला काय, दुभंगण्याची वेळ टळून गेली होती. सूर्य, चंद्र आणि पेरू तिघेही निर्दोष आहेत.

बहीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ऑगस्टात तिनं काय खाल्लं?"

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. उलट विज्ञानानेही तो एकदा विचारला आहे आणि त्याचे उत्तरही मिळाले आहे. मात्र माणसांसाठी नव्हे, मेंढ्यांसाठी. १९५० च्या दशकात आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांच्या कळपांत एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येऊ लागली. कपाळाच्या मध्यावर एक डोळा, नाक जवळजवळ नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्याचे शास्त्रज्ञ चौकशीला आले. त्यांतले लिन जेम्स तर तीन उन्हाळे मेंढ्यांबरोबर डोंगरात राहिले, त्या कुठे चरतात, काय खातात ते पाहत. शेवटी गुन्हेगार सापडला. उंच कुरणांत उगवणारी, मोठ्या शिराळ पानांची, मक्यासारखी दिसणारी एक वनस्पती. तिला तिकडे कॉर्न लिली म्हणतात. गाभण मेंढीने ती बरोबर चौदाव्या दिवसाच्या आसपास खाल्ली तर कोकरू एकाक्ष होते. आधी किंवा नंतर खाल्ली तर तसे होत नाही. रिचर्ड कीलर यांनी १९६० च्या दशकात त्या पाल्यातले विषारी द्रव्य वेगळे केले आणि ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून त्याचे नाव 'सायक्लोपामीन' पडले. मेंढपाळांना सांगण्यात आले की त्या दिवसांत मेंढ्या उंच कुरणांत नेऊ नका. एवढ्यावर प्रकरण मिटले. पुढची तीस वर्षे त्या द्रव्याकडे फार कुणी पाहिले नाही.

मग १९९६ साली बाल्टिमोरला फिलिप बीची यांच्या प्रयोगशाळेत सॉनिक जनुक पूर्ण काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मली. ती हुबेहूब त्या कोकरांसारखी होती, एकाक्ष. दोन वर्षांनी सिद्ध झाले की सायक्लोपामीन हे हेजहॉगचा निरोपच अडवते. त्याच १९९६ मध्ये होलोप्रोसेन्सेफली असलेल्या काही घराण्यांत मानवी सॉनिक जनुकातले दोषही सापडले. माशीची अळी, आयडाहोचे कोकरू आणि माणसाचे बाळ अशी तीन टोके एकाच गाठीत बांधली गेली. ते वर्ष मला चांगले आठवते. ग्रंथालयात नवा अंक आला की आम्ही झेरॉक्स मशीनपाशी रांग लावत होतो.

इथे निरोप पेशीत शिरतो कसा तेही सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मला तरी ते आमच्या वाड्यातल्या टेलिफोनवरूनच समजते. तो फोन आजोबांच्या ताब्यात असे. डायलला लहानसे कुलूप आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. फोन करायला टपलेला काका समोर हात चोळत बसलेला. आजोबा जागेवर असेपर्यंत त्याचे काही चालत नसे. पण दारात कुणी पाहुणा आला की आजोबा गप्पा मारायला ओसरीवर जात, काका किल्ली लांबवी आणि फोन सुरू. पेशीच्या पृष्ठभागावर 'पॅच्ड' नावाचे प्रथिन असते, ते आजोबा. 'स्मूदन्ड' नावाचे दुसरे प्रथिन, तो काका. हेजहॉग हा पाहुणा. तो येऊन पॅच्डला धरतो, मग स्मूदन्ड मोकळा होतो आणि 'ग्लाय' नावाच्या प्रथिनामार्फत निरोप थेट पेशीच्या केंद्रकात जातो आणि हवी ती जनुके चालू होतात. नीट पाहा, इथे 'हो' म्हणणारा कुणी नाहीच. फक्त 'नाही' म्हणणारा जागेवरून हलतो.

(जाता जाता कोलेस्टेरॉलबद्दल. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या दर वर्षीच्या रक्ततपासणीत बदनाम झालेला हा पदार्थ हेजहॉग प्रथिनाच्या शेपटीला पक्का चिकटवलेला असतो, हे १९९६ मध्येच कळले. एखाद्या प्रथिनाला कोलेस्टेरॉल असे जोडलेले तोवर कुणी पाहिले नव्हते. तेव्हा त्याला सरसकट शिव्या देऊ नका. साजूक तुपाचे समर्थन म्हणून मात्र हे वाक्य वापरू नये.)

निरोप कमी पडला तर काय होते ते पाहिले. जास्त झाला तर? आजोबा घरातच नसले, तर काका पाहुणा येवो न येवो रात्रंदिवस फोनवर बसेल. पॅच्डमध्ये दोष आला की नेमके हेच होते आणि पेशी वाढतच राहते. याला आपण कॅन्सर म्हणतो. मिनेसोटाचे रॉबर्ट गॉर्लिन यांनी १९६० मध्ये रॉबर्ट गोल्ट्झ यांच्याबरोबर अशा रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांना कातडीच्या बेसल सेल कॅन्सरच्या गाठी तरुणपणापासून दहावीस, कधी शेकडो होतात. १९९६ मध्ये कळले की त्यांच्यात पॅच्ड बिघडलेला असतो. मग पाहिले तर उन्हाने होणाऱ्या साध्या बेसल सेल कॅन्सरमध्येही बहुधा तोच मार्ग बिघडलेला. हा कॅन्सर गोऱ्या अमेरिकनांत सर्वांत जास्त आढळणारा, आपल्या सावळ्या कातडीला क्वचित होणारा. मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा नावाच्या कॅन्सरपैकी साधारण तिसरा हिस्साही याच मार्गाचा.

तेव्हा साहजिकच आयडाहोच्या पाल्याची आठवण झाली. सायक्लोपामीन स्मूदन्डलाच जाऊन चिकटते, म्हणजे काकाचे हातच धरते. आजोबा नसले तरी हरकत नाही. गर्भाला विष ठरलेली गोष्ट गाठीला औषध ठरेल का? सायक्लोपामीन स्वतः औषध म्हणून सोयीचे नव्हते, पण त्याच जागी बसणारे दुसरे रेणू शोधण्यात आले. त्यांतले पहिले, व्हिस्मोडेगिब, अमेरिकेत ३० जानेवारी २०१२ ला मंजूर झाले. जिथे शस्त्रक्रिया शक्य नव्हती अशा पसरलेल्या बेसल सेल कॅन्सरच्या रुग्णांत सुमारे ३० टक्के आणि जागेवरच बळावलेल्या गाठींत सुमारे ४३ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आटल्या. ज्यांच्यापुढे काही उपायच नव्हता त्यांच्यासाठी हे थोडे नव्हे.

पण मी या धंद्यात असल्यामुळे मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत फक्त मंजुरीचा दिवस छापून येतो. औषध मंजूर होण्याआधी, मेड्युलोब्लास्टोमा सर्वांगात पसरलेल्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाला ते दिले होते. त्याचे चित्र २००९ मध्ये एका वैद्यकीय मासिकात आले. आधीच्या स्कॅनमध्ये हाडाहाडांत काळे डाग आणि दोन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये जवळजवळ काहीच नाही. आमच्या लॅबमध्ये ते चित्र भिंतीवर लावले होते. थोड्याच काळात गाठी परतल्या आणि तो मुलगा गेला. गाठीची तपासणी केली तेव्हा दिसले की स्मूदन्डमधला एकच दुवा बदलला होता, आणि त्यामुळे औषधाला धरायला जागाच उरली नव्हती. काकाने हाताला तेल चोपडले होते. ते चित्र आम्ही भिंतीवरून काढले नाही, पण त्याखाली हा दुसरा निबंधही लावला.

आणखीही फटके बसले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर याच प्रकारचे एक औषध फार आशेने दिले गेले. त्या चाचणीत औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा लवकर दगावू लागले, म्हणून २०१२ च्या जानेवारीत ती थांबवावी लागली. आणि दुष्परिणाम पाहा. या गोळ्यांनी स्नायूंना पेटके येतात, केस गळतात आणि तोंडाची चव जाते, कारण जिभेवरचे चवीचे अंकुर नव्याने घडवायलाही हाच निरोप लागतो. गरोदर बाईने ती गोळी घेणे म्हणजे मेंढीने कॉर्न लिली खाणे, म्हणून डब्यावर ठळक इशारा छापलेला असतो. पुरुष रुग्णांनाही सावधगिरी पाळावी लागते. लहान मुलांत तर वेगळीच अडचण आली. आठवते ना ते भावंड, 'इंडियन हेजहॉग'? हाडे लांबीने वाढत ठेवण्याचे काम त्याचे असते. (त्यातल्या दोषाने बोटे आखूड राहतात. तसली आखूड बोटांची घराणी वैद्यकाला १९०३ पासून माहीत आहेत.) औषध काकाचे हात धरते, पाहुणा सॉनिक आहे की इंडियन हे ते पाहत नाही. मेड्युलोब्लास्टोमाच्या काही मुलांची हाडे औषधामुळे अकाली सांधली आणि त्यांची उंची कायमची खुंटली. उंदरांत हे २००८ मध्ये दिसले होते, मुलांतले अनुभव २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आता वाढत्या वयाच्या मुलांना ही औषधे देताना डॉक्टर फार विचार करतात.

पुन्हा त्या फोनकडे येते. "ऑगस्टात काय खाल्लं?" या प्रश्नाला मी म्हटले, आपल्याकडे कुणी कॉर्न लिलीची भाजी करत नाही. मधुमेह आधीपासून असेल आणि आटोक्यात नसेल तर या विकाराची शक्यता वाढते, तेवढे विचार. तिला मधुमेह नव्हता. काही वेळा गुणसूत्रांच्या संख्येतच फरक असतो, ते डॉक्टर तपासतीलच. मग मी सहज विचारले, किंवा सहज नव्हे, आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारायचाच असतो, "घरात कुणाचा वरचा पुढचा दात एकच आहे का? दोन नव्हे, बरोबर मधोमध एकच?"

पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटले लाइन तुटली. मग बहीण म्हणाली, "ताई, आपला एकदंत."

तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, लहानपणी सगळे एकदंत म्हणत. दुधाचा दात मधोमध एकच आला आणि तो पडल्यावर पक्काही एकच. आजीने कौतुकाने गणपतीचे नाव दिले, आणि पोरगा हुशार निघाला तेव्हा त्याचे श्रेय त्या दातालाही मिळाले. लग्नाच्या अल्बममध्ये तो दात प्रत्येक फोटोत आहे. मी स्वतः त्या लग्नाला गेले होते, त्याच्या शेजारी उभी राहून जेवले होते, आणि तीस वर्षे ज्या प्रथिनावर काम केले त्याची खूण मला दिसली नाही. पुढे तपासणीत बाळाची गुणसूत्रे ठीक निघाली. सॉनिकच्या एका प्रतीत बदल निघाला आणि तोच बदल भाच्याच्या रक्तातही. एकाच घराण्यात हा बदल एकाला नुसता एक दात देतो, दुसऱ्याला काहीच करत नाही आणि तिसऱ्याचा मेंदू घडू देत नाही. असे का होते, याची थोडी उत्तरे आहेत (इतर जनुके, गर्भातले इतर निरोप), पण पुढचे मूल कसे होईल ते आधी सांगता येईल इतकी ती पुरेशी नाहीत.

त्या बाळाच्या बाबतीत काय करायचे ते त्या दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवले. तो इथे लिहिण्याचा विषय नाही.

एक मात्र कबूल करते. पेरूची सुटका केली तेव्हा मला वाटले होते की मी घरावर उपकार केले. प्रत्यक्षात असे झाले की जे ओझे सुनेच्या डोक्यावर होते ते मुलाच्या डोक्यावर गेले. भाच्याने आठवडाभर आरशात पाहून दाढी केली नाही, असे त्याच्या बायकोने मला नंतर सांगितले. मी त्याला फोन करून म्हटले, "अरे, हा बदल तू केलेला नाहीस, तुला मिळालेला आहे." तो म्हणाला, "मावशी, तिनं पेरूसुद्धा मुद्दाम कापला नव्हता."

यावर मला उत्तर सुचले नाही. पुढच्या वेळी काय, एवढे तेवढे मी त्याला सांगितले. प्रत्येक मुलात हा बदल उतरण्याची शक्यता निम्मी. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या कणावरून तो आहे की नाही ते कळू शकते, पण असला तर मूल कसे निघेल ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी सोनोग्राफीवरच नजर ठेवावी लागते. दोघांनी बराच विचार केला. शेवटी रक्ताची, वारेची कुठलीच जनुक-तपासणी करायची नाही आणि फक्त सोनोग्राफी लवकर व वारंवार करायची असे ठरवले. मी असते तर कदाचित वेगळे ठरवले असते, पण मी नव्हते. तेराव्या आठवड्यात मेंदूचे दोन स्वच्छ अर्ध दिसले. अक्रोडाच्या गरासारखे, असे भाच्याने मला लिहिले.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. दर रविवारी बहीण तिचा व्हिडिओ पाठवते. गेल्या रविवारच्या व्हिडिओत ती चमचा चावत होती आणि हसताना खालचे दोन दात दिसत होते. वरचे अजून यायचे आहेत.